डावं मागचं चाक

महूतच्या दवाखान्यात जायच्या दिवशी पहाटेची नमाज आटोपली की नसरा आधी गाडीभोवती एक फेरी मारायची. चारही टायरांना एकेक लाथ घालून बघायची, खाचांत अडकलेले शिंपल्यांचे तुकडे खिळ्याने उकरून काढायची. पाण्याचे कॅन, फावडं आणि दोन लांब फळ्या पिकअपच्या मागच्या हौद्यात टाकायची आणि मग सासूला आणायला घरात जायची. सासू तोवर उंबऱ्यावर येऊन बसलेली असे, नाकावरचा बुरख्याचा काळा मुखवटा नीट करत.

"टायर बघून झाले असतील तर मलाही एकदा बघ," तफूल म्हणायची. "मीही तेवढीच झिजलेय."

तफूलची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा तिचं रक्त महूतच्या दवाखान्यातल्या यंत्रातून फिरवून, साफ करून परत अंगात घालावं लागे. म्हातारी त्याला 'धुणं' म्हणायची. आज धुणं आहे, उद्या धुणं नाही, असा तिचा आठवडा चालायचा. यंत्राला लावलेल्या चार तासांत ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला सुनेच्या स्वयंपाकाचे दोष सांगायची आणि परत येताना नसराच्या मांडीवर हात ठेवून झोपून जायची.

मासेमारी करणाऱ्या अरबांची ती वस्ती समुद्राला चिकटून होती. प्लायवूडची आणि पत्र्याची घरं, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, दोरीवर सुकत घातलेली मुशी. वस्ती आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये सब्खा पसरलेली. मिठाची आणि चिखलाची सपाट जमीन, क्षितिजापर्यंत. कोरडी असली की ती फरशीसारखी टणक. पाऊस पडला की वरचा पापुद्रा साबणासारखा होई, आणि पापुद्रा फुटला तर खाली चिखल किती खोल आहे हे वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसालाही सांगता येत नसे. तिथं बांधलेला रस्ता नव्हता. तेलाच्या जुन्या पिंपांची एक रांग होती. पिंपांच्या कडेकडेने जायचं, एवढंच.

वस्तीतली माणसं गाडीपेक्षा गाडीची खूण आधी ओळखत. सकाळी घराबाहेर पडलेला कुणीही जमिनीकडे बघून सांगे, की अमका रात्री उशिरा आला, तमक्याने पुढचे टायर बदललेत. यात कुणाला काही विशेष वाटत नसे. जिथं चाक गेलंय तिथं जमीन धरते, एवढा एकच नियम लहानपणापासून सगळ्यांच्या अंगात भिनलेला.

नसराचा नवरा हुमैद याच सब्खेत गेला. पावसाचे दिवस होते. कुणाची तरी गाडी पिंपांपलीकडे रुतल्याचं कळलं, म्हणून दोर घेऊन तो ती ओढून काढायला निघाला. ज्यांची गाडी रुतली होती ते आपले आपण निघून दुसऱ्या बाजूने घरी पोहोचले. हुमैद पोहोचला नाही. त्याच्या चाकांची खूण पिंपांच्या रांगेपासून समुद्राच्या दिशेला वळली होती, एवढं शोधणाऱ्यांनी पाहिलं. मग भरतीचं पाणी चढलं. गाडीही मिळाली नाही, तोही नाही.

पुढे लोक म्हणाले की टायर ताठ ठेवायच्या हट्टापायी गेला. सब्खेच्या तोंडाशी आलं की सगळेच गाडी थांबवून टायरांतली हवा सोडत. वाळूत जन्म गेलेल्या माणसांची ती सवय. हुमैद एकटा सोडत नसे. त्याचं म्हणणं असं, की मऊ टायर वाळूला बरा, ओल्या मिठावर तो नुसता पोहत राहतो. ताठ टायर वरचा चिखल कापून खालच्या टणक थराला टेकतो. चहा पिताना या विषयावर भांडणं व्हायची. तो गेल्यावर भांडण संपलं. नसराही गाडी चालवायला लागली तेव्हापासून इतरांसारखी हवा सोडू लागली.

तफूलने मात्र मुलाबद्दल बोलताना 'होता' हा शब्द कधी वापरला नाही. हुमैदला कहवा कडक लागतो. हुमैद दार जोरात लावतो. नसराने तिला कधी दुरुस्त केलं नाही. दीर मुसल्लम एकदा दबकत म्हणाला होता, की वहिनी, तुमचं वय काही गेलेलं नाही, माहेरचे लोक विचारत होते. तेव्हा नसराने म्हातारीच्या गोळ्यांचा डबा पुढे केला आणि म्हणाली, "यातली कुठली जेवणाआधी आणि कुठली नंतर, ते सांगा भावजी, मग जाते." विषय तिथंच मिटला.

हिवाळा सुरू झाला तेव्हा तिला ती खूण पहिल्यांदा दिसली. पाण्याच्या टाकीपाशी टँकरने सांडलेल्या पाण्याने जमीन ओली होती, आणि त्या ओलीत एका गाडीने वळण घेतलं होतं. तीन चाकं एका जातीची, चौकोनी ठोकळ्यांची. डावं मागचं वेगळं. माशाच्या काट्यासारख्या तिरक्या रेघांचं, आणि त्यातली एक रेघ तुटलेली, त्यामुळे चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक मोकळी जागा सुटलेली. नसरा गाडी थांबवून पाहत राहिली. ते चाक हुमैदने घाईच्या वेळी कुठून तरी जुनं आणून बसवलं होतं आणि बदलतो बदलतो म्हणत कधी बदललं नव्हतं.

ती घाबरली नाही. तसला जुना टायर कुणीही विकत घेतो. त्या दिवशी म्हातारी यंत्राला असताना ती महूतच्या टायरवाल्याकडे गेली. तो केरळचा, कुंजुमोन नावाचा, मोडक्या अरबीत भरपूर बोलणारा माणूस. तिने बोटाने टेबलावरच्या धुळीत ती नक्षी काढून दाखवली. कुंजुमोनने मान हलवली. तो माल यायचा बंद होऊन किती वर्षं झाली, म्हणाला. आज कुणी असा टायर बसवलाच तर संध्याकाळच्या आत फाटेल, कारण पडून पडून त्या रबराचं लाकूड झालेलं असणार. मग त्याने नसराच्या टायरांकडे नजर टाकली आणि तिला नवे घ्यायचे आहेत का असं विचारलं.

त्यानंतर एका धुक्याच्या सकाळी दवाने भिजलेल्या वाळूत तीच खूण घराच्या मागे होती. गाडी हळू आली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली थोडी थांबली होती आणि तशीच हळू निघून गेली होती. रात्री नसराला इंजिनाचा आवाज आला नव्हता. तिने मुसल्लमला बोलावलं.

मुसल्लम उकिडवा बसला. बराच वेळ पाहत राहिला. मग उठला आणि पायाने ती खूण पुसून टाकली. घराच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, जरासुद्धा न सोडता.

"वाऱ्याने खुणा बिघडतात, वहिनी," तो म्हणाला.

वारा नव्हता. आणि खूण बिघडते असं त्याने आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं.

मग पाऊस आला. एक दिवस पडला, थांबला, पुन्हा पडला. सब्खा आरशासारखी दिसू लागली, आकाश खाली आणि वर सारखंच. धुण्याचा एक दिवस चुकला. एखादा चुकला तर चालतं, पण दुसरा चुकवू नका, असं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी तफूलचे पाय सुजले. बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. रात्रभर ती उशीला टेकून बसून होती. सकाळी तिने रखालचा, पातळ रोटीचा, तुकडा पुढून दूर सरकवला आणि स्वयंपाकाबद्दल एक अक्षर बोलली नाही.

मुसल्लम महूतलाच अडकला होता. तो रुग्णवाहिका घेऊन डांबरी रस्त्याच्या टोकाला येऊन उभा होता. त्यापुढे चालक यायला तयार नव्हता, आणि त्यात त्याची चूकही नव्हती. ढगांमुळे हेलिकॉप्टर उडणार नव्हतं. मुसल्लमचा फोन आला.

"निघू नका वहिनी. एक दिवस कळ काढा. ऊन पडलं की मी स्वतः येतो."

नसराने फोन कानाला तसाच ठेवून आत पाहिलं. म्हातारीचा श्वास घशातच अडकून घरघरत होता, दाराच्या बाहेरपर्यंत ऐकू येत होता.

"उद्या तुम्ही कुणासाठी येणार, भावजी?" ती म्हणाली.

तिने फोन ठेवला आणि शेजारच्या बायकांना हाक मारली.

शेजारच्या बायकांनी तफूलला उचलून गाडीत बसवलं. वजन कमी झालंय असं वाटलं होतं, पण अंगात साठलेल्या पाण्याने ती जड झाली होती. नसराने तिच्या पाठीशी दोन उशा लावल्या, पट्टा बांधला. पाऊस थांबला होता. सकाळ चांगली वर आली होती, पण उजेड राखाडीच होता आणि सावल्या कशाच्याच पडत नव्हत्या.

सब्खेच्या तोंडाशी ती नेहमीप्रमाणे उतरली. पहिल्या टायरपाशी बसली, व्हॉल्वचं टोपण काढलं, खिळा लावला. हवा फुसफुसायला लागली. आणि समोर पाहिलं तर तिथून एक गाडी आत गेलेली होती.

खूण ताजी होती. पाणी अजून तिच्यात पाझरून आलं नव्हतं. कडा धारदार, चाकाचा पट्टा अरुंद. हवा न सोडता गेलेली गाडी. डाव्या पट्ट्यात माशाचा काटा, आणि ठराविक अंतराने एक मोकळी जागा.

तिने खिळा काढून घेतला. खूण जिथून सुरू होत होती तिथवर तिने मागे नजर नेली. मागे वस्तीकडे फक्त तिच्याच गाडीची खूण होती.

टोपण परत बसवून ती गाडीत येऊन बसली.

"हवा नाही सोडलीस?" तफूलने डोळे न उघडता विचारलं.

"नाही, आत्या."

"बरं केलंस."

चारही चाकांचा गिअर टाकून नसरा आत उतरली. पहिल्या काही हातांवरच मागचा भाग घसरला, गाडी तिरकी झाली. तिने ब्रेकला पाय लावला नाही. स्टेअरिंग घसरणीच्या बाजूला हलकेच दिलं आणि थांबली. मग चाकं त्या खुणेत बसली आणि गाडीने जमीन धरली. हातांना ते कळलं. खाली काहीतरी टणक होतं, आणि टायर त्याला टेकत होते.

गाडीच्या तळावर चिखलाचे गोळे आपटत होते. काचेवर खारट पाण्याचे थेंब येत, वायपर ते पुसून पांढरे फराटे करी. डाव्या हाताला पिंपं एकेक करून मागे जात होती. पुढे कुणी दिसत नव्हतं. नुसती ती खूण, सरळ, न डगमगलेली. जिथं पापुद्रा काळपट होता तिथं ती वळसा घालून जाई, आणि नसराही जाई.

"पाण्याच्या टाकीपाशी तू थांबली होतीस," तफूल म्हणाली. आता तिचे डोळे उघडे होते. "मीही बघितलं होतं."

"बोलल्या का नाहीत मग?"

"तू बोललीस का?"

नसराला हसू आलं, आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही. ते पुसायला तिला हात सोडता येईना. म्हातारीने आपली सुजलेली बोटं पुढे करून तिच्या गालावरून फिरवली.

"समोर बघ पोरी," ती म्हणाली. मग खुणेकडे पाहत, श्वास घेत घेत, "एकटाच आहे. चालवणाऱ्याची डावी बाजू खोल चाललीय. शेजारी कुणी नाही."

अर्ध्या वाटेवर पिंपांची रांग उजवीकडे झुकते. सगळे तिथं उजवीकडे वळतात.

खूण वळली नव्हती. ती पिंपं सोडून डावीकडे गेली होती. समुद्राच्या दिशेला.

नसराने पाय उचलला. गाडीचा वेग पडला आणि लगेच चाकं जड झाली. थांबता येत नाही, हे तिला माहीत होतं. सब्खेत थांबलेली गाडी सब्खेची होते. ठरवायला तिच्याकडे दोन-चार पिंपांएवढाच वेळ होता.

पिंपांकडे कोरी, गुळगुळीत जमीन. एकही चाक गेलेलं नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या माणसं तिथून गेली होती.

डावीकडे ती खूण. जिथं चाक गेलंय तिथं जमीन धरते. पण या चाकाबरोबर जमिनीने काय केलं होतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तो इथूनच वळला होता. इथूनच, याच वळणाने.

तो आपल्याला वाट दाखवतोय, की न्यायला आलाय?

हा विचार तिच्या मनात आला आणि तिला त्याची लाज वाटली. आणि तरी तो गेला नाही.

"आत्या," ती म्हणाली. "कुठून जाऊ?"

तफूलने खुणेकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझा मुलगा आहे तो. माझं ऐकू नकोस. तुझा नवरा कसा आहे, ते तुला माहीत."

नसराने डावीकडे वळवलं.

गाडी थरथरली. पाणी दोन्ही बाजूंनी काचेपर्यंत उडालं. चाकं एकदा मोकळी फिरली, मग धरली. पुन्हा फिरली. धरली.

मागच्या आरशात पिंपं लहान होत गेली आणि दिसेनाशी झाली. सगळीकडे राखाडी. वाफ, पाणी, आकाश. वाट म्हणून फक्त समोरच्या दोन रेघा.

मग एके ठिकाणी तिला ते दिसलं.

चार खळगे. चार चाकांचे, खोल. तिथं गाडी उभी राहिली होती. बराच वेळ. खळग्यांत आत्ता कुठे पाणी भरत होतं.

आजूबाजूला पाऊल नव्हतं. कुणी उतरलं नव्हतं, कुणी चढलं नव्हतं.

"थांबला होता," तफूल हळूच म्हणाली. "आपली वाट बघत."

खळग्यांपासून पुढे खूण उजवीकडे वळली. मोठा वळसा घेऊन जमिनीकडे. नसराने स्टेअरिंग वळवलं, आणि थोड्या वेळाने धुक्यात रुग्णवाहिकेचा लाल दिवा दिसला.

डांबरावर चाकं चढली तेव्हा तिचे हात स्टेअरिंगवरून सुटेनात. दार मुसल्लमने उघडलं. त्याने आधी आईला पाहिलं, कपाळाला हात लावला, रुग्णवाहिकेतल्या माणसांना हाक मारली. त्यांनी स्ट्रेचर आणलं. मग तो गाडीच्या मागे जाऊन सब्खेकडे पाहत राहिला.

"दुसरी कुठंय?" त्याने विचारलं.

"कुठली?"

"तुमच्या पुढची. दोन गाड्या येत होत्या, वहिनी. मी मघापासून बघतोय. पुढे एक, मागे तुम्ही." तो डांबराच्या कडेला गेला. खूण तिथवर आली होती. डांबरावर चिखल होता तो फक्त नसराच्या चाकांचा.

या वेळी त्याने पायाने काही पुसलं नाही.

तफूल वाचली. यंत्राने तिच्या अंगातलं इतकं पाणी काढलं की सूज उतरलेल्या पायांतून पैंजण गळून पडलं. तिसऱ्या दिवशी तिने दवाखान्याच्या भाताला नावं ठेवली, आणि नसरा बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून रडली. त्याच दरम्यान मुसल्लमने सांगितलं, की त्या सकाळी पिंपांच्या वळणापुढे, जिथं सगळे उजवीकडे जातात, तिथला पापुद्रा आतून खचला होता. पाणी ओसरल्यावर तिथं एका घराएवढा खड्डा निघाला. वरून काहीच दिसत नव्हतं म्हणे. एवढं सांगून तो सिगारेट ओढायला निघून गेला. त्या दिवसानंतर त्याने नसराच्या लग्नाचा विषय कधी काढला नाही.

सब्खा वाळली, सगळ्या खुणा वाऱ्याने खरवडून नेल्या. दोघी घरी परतल्या. धुण्याचे दिवस येत राहिले. घराच्या मागे, टाकीपाशी, कुठंही काही दिसलं नाही. नसरा पाहत असे. दिसलं नाही की तिला बरं वाटे, आणि मग दिवसभर बरं वाटत नसे.

हिवाळा सरता सरता एका धुण्याच्या दिवशी पहाटेपासून पाऊस लागला. मोठा नव्हता, बारीक, एकसारखा. फोनवर मुसल्लम म्हणाला, निघू नका. मग म्हणाला, की नाही, तुमचं तुम्हाला कळतं. नसराने डोक्यावरून शाल घेतली, दार उघडलं आणि गाडीकडे निघाली. सगळं अंगण भिजून काळं पडलं होतं, होड्या भिजल्या होत्या, मुशीची दोरी ठिबकत होती.

तिच्या पिकअपच्या शेजारी, समुद्राच्या बाजूला, जमिनीवर एक लांबट चौकोन होता. गाडीएवढा. कोरडा.

ती खाली बसली. पुढच्या भागावर, गाडीचं इंजिन असतं तिथं, तळवा ठेवला. वाळू उबदार होती.

"आवर पोरी," दारातून तफूलचा आवाज आला. "किती वेळ थांबवायचं माणसाला."

नसरा उठली नाही. पाऊस आता त्या चौकोनातही पडू लागला होता. कोरड्या वाळूवर थेंबांचे काळे ठिपके उमटत होते, अजून इतके विरळ की एकेक वेगळा दिसत होता.